पहिल्या घासाचा इतिहास : उपासमार, पुनराहार आणि दोषाची भाषा

१. प्रश्नाची मांडणी

दीर्घकाळ उपाशी राहिलेला माणूस अन्नावाचून मरतो, हे सर्वांना ठाऊक असते. तोच माणूस अन्न मिळाल्यानंतर, किंबहुना अन्न मिळाल्यामुळे मरू शकतो, ही गोष्ट मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागली आहे. वैद्यकात या अवस्थेला ‘रीफीडिंग सिंड्रोम’ म्हणतात. प्रस्तुत निबंधात तिच्यासाठी ‘पुनराहार-विकार’ हा शब्द योजला आहे.

हा विकार साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. फक्त तो त्या नावाने भेटत नाही. वेढ्यांची वर्णने, दुष्काळांचे अहवाल, छावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी यांत सुटकेनंतरचा हा मृत्यू वारंवार येतो. बहुतेक वेळा निवेदक त्याचे कारण खाणाऱ्याच्या स्वभावात शोधतो. खाणारा अधाशी होता, त्याला आवर घालता आला नाही, असा निर्णय देऊन तो पुढे जातो. आपल्या भाषेतही ‘दुष्काळातून आल्यासारखा खातो’ असा वाक्प्रचार आहे, आणि तो सहानुभूतीने क्वचितच वापरला जातो. दुष्काळातून आलेल्याचे खाणे हे आपण हसण्याचे किंवा नाक मुरडण्याचे निमित्त करून ठेवले आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीवरसायनशास्त्राने या मृत्यूचे जे स्पष्टीकरण दिले, त्यात अधाशीपणाला कारणाचे स्थान उरले नाही. दोष खाणाऱ्याकडून निघून वाढणाऱ्याच्या जबाबदारीकडे सरकला. हा पालट कोणत्या टप्प्यांनी झाला आणि तो ध्यानात घेतल्यावर जुनी कथने कशी वाचावी लागतात, हा या निबंधाचा विषय आहे.

२. शरीराचा हिशेब

कथनांकडे वळण्यापूर्वी विकाराचे स्वरूप थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. उपासमार सुरू झाली की यकृतातील ग्लायकोजेनचा साठा साधारण एका दिवसात संपत येतो. त्यानंतर शरीर चरबीवर आणि स्नायूंतील प्रथिनांवर गुजराण करू लागते. इन्सुलिनचे प्रमाण घटते, नाडी मंदावते, इतर स्नायूंप्रमाणे हृदयही रोडावते. या काळात पेशींमधील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे झिजत जातात. परंतु रक्ताच्या तपासणीत त्यांचे प्रमाण पुष्कळदा ठीकच दिसते. हिशेबाची वही जुळलेली आणि कोठार मात्र रिकामे, अशी ही स्थिती असते.

अशा शरीरात एकाएकी पिष्टमय वा गोड अन्न गेले की इन्सुलिन उसळते. साखरेबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात आणि रक्तातील त्यांची पातळी झपाट्याने खाली येते. पेशीला लागणारी ऊर्जा ज्या रेणूंत साठवली जाते, त्यांच्या घडणीला फॉस्फेट लागते. ते अपुरे पडले की श्वासाचे स्नायू थकतात आणि हृदयाची शक्ती कमी होते. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घटल्याने हृदयाचा ताल बिघडतो. साखरेच्या ज्वलनासाठी थायमिन हे जीवनसत्त्व लागते. त्याचा उरलासुरला साठा संपून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. इन्सुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पायांवर सूज येते आणि रोडावलेल्या हृदयावर जादा भार पडतो. हे सारे बहुधा पहिल्या काही दिवसांत घडते. २०२० साली अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या व्याख्येत पुनराहार सुरू केल्यापासून पाच दिवसांच्या आत या तिन्हींपैकी एकाचे वा अधिकांचे प्रमाण किती टक्क्यांनी घटले, यावर मुख्यतः विकाराची तीव्रता ठरवली आहे.

या वर्णनात भुकेला, मोहाला किंवा संयमाला कोठेही स्थान नाही, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवू.

३. वेढा आणि निवेदक

या विकाराशी जुळणारे एक अतिशय जुने आणि स्पष्ट वर्णन ज्यू इतिहासकार जोसीफस याच्या ज्यू-रोमन युद्धाच्या ग्रीक इतिहासात आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने जेरुसलेमला वेढा घातला. जोसीफस त्या वेळी रोमन छावणीत होता. म्हणजे सुटून येणारे ज्या बाजूला येत, त्या बाजूला तो उभा होता. शहरातून निसटून आलेले लोक उपासमारीने सुजलेले होते. त्यांनी रिकाम्या शरीरांत एकदम अन्न कोंबले आणि ते मेले. ज्यांना अनुभवाने शहाणपण आले होते, त्यांनी भुकेला आवर घातला, अन्नाची सवय गेलेल्या शरीराला थोडेथोडे खाऊ घातले आणि ते वाचले, असे तो सांगतो.

निरीक्षण म्हणून हे वर्णन अचूक आहे. सूज, एकदम खाणे, थोडेथोडे खाणे आणि त्या दोहोंचे भिन्न परिणाम, एवढे सर्व त्यात आहे. तरीही त्याची मांडणी नैतिक आहे. वाचलेले ते संयमी, मेलेले ते असंयमी. याच प्रसंगाला लागून जोसीफस दुसरी हकिकत देतो. शहर सोडताना काहींनी सोन्याची नाणी गिळली होती. ते कळताच छावणीतील सैनिकांनी निर्वासितांची पोटे फाडून सोने शोधले. अन्नाने भरलेले पोट आणि सोन्याने भरलेले पोट या दोन कथा शेजारी ठेवल्याने पहिल्या मृत्यूवर दुसऱ्या कथेतील लोभाची छाया पडते. लोभी होते ते सैनिक; वाचकाच्या मनात मात्र उपाशी निर्वासित आणि लोभ यांची जोडी बसते.

पंधराव्या शतकातील फ्रेंच बखरकार फिलिप द कोमीन याच्या आठवणींत हाच प्रसंग पुन्हा येतो. १४९५ साली इटलीतील नोव्हाराचा वेढा उठल्यावर उपाशी फ्रेंच सैनिक व्हर्चेल्लीला पोहोचले. त्यांच्यापैकी सुमारे तीनशे तेथे मेले. काही अतिखाण्याने, काही आजाराने. कोमीनच्या आणि जोसीफसच्या काळात चौदा शतकांचे अंतर आहे. निरीक्षण तेच आहे आणि कारणही तेच: अति खाणे. निरीक्षण टिकले, त्याचे ज्ञान झाले नाही. ज्या निरीक्षणाला ‘अति खाऊ नये’ एवढेच तात्पर्य जोडले जाते, त्याची चौकशी तेथेच थांबते.

४. पेया आणि पारणे

भारतीय परंपरेत अन्नाकडे परतण्याचा विचार अधिक पद्धतशीर झालेला दिसतो. चरकसंहितेत वमन-विरेचनादी शोधनानंतर ज्या आहारक्रमाचा उपदेश आहे, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष आणि मांसरस, अशा पायऱ्यांनी रुग्णाला नेहमीच्या अन्नावर आणले जाते. शोधन उत्तम झाले असल्यास हा क्रम सात दिवस चालतो. त्यासाठी दिलेला दृष्टान्त अग्नीचा आहे. लहानशा विस्तवावर आधी गवत आणि शेण घालतात. तो क्रमाने वाढून स्थिर झाला की सर्व काही पचवतो. आपल्या घरांतील आजाऱ्याची पेज याच पेयेशी नाते सांगते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना कराव्या लागतात. चरकाला फॉस्फेटचा शोध लागला होता असा अर्थ या क्रमातून काढणे इतिहासाला धरून होणार नाही. शिवाय हा क्रम शोधन झालेल्या रुग्णासाठी आहे. महिनोन्महिने उपाशी राहिलेल्या दुष्काळग्रस्तासाठी नाही. निव्वळ तांदळाची पेज ही मुख्यतः पिष्टच असते. तिने क्षारांची तूट भरून निघत नाही.

तरीही एक गोष्ट महत्त्वाची राहते. अन्नाकडे परतण्याची रीत आपल्याकडे चिकित्सेच्या आणि व्रताच्या भाषेत सुरक्षित राहिली. लंघन, पथ्य, पारणे हे शब्द त्याची साक्ष देतात. गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी १९४३ रोजी सुरू केलेला एकवीस दिवसांचा उपवास ३ मार्च रोजी संत्र्याच्या रसाने सोडला. आजूबाजूला डॉक्टर होते, प्रार्थना होती, आणि पहिला घोट कोणता असावा याचा आधी विचार झालेला होता. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो लोक रस्त्यांवर मरत होते. मराठीने ‘उपवास’ आणि ‘उपासमार’ हे शब्द वेगळे राखले, ते योग्यच केले. उपवासाला पारणे असते. उपासमारीला ते नसते. निवडलेल्या भुकेसाठी परतीची वाट आखलेली होती. लादलेल्या भुकेच्या वाट्याला दानधर्म आला. ती वाट आली नाही.

५. बंगाल ते बेल्झेन

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील मृत्यूंचा आकडा दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ साली सुमारे १५ लाख इतका धरला. पुढील संशोधकांचे अंदाज २१ ते ३० लाखांपर्यंत जातात. खेड्यांतून कलकत्त्यात आलेले लोक दारोदार भात नव्हे, ‘फ्यान’ मागत, म्हणजे भात शिजल्यावर ओतून टाकलेले पाणी. त्या काळच्या बंगाली साहित्यात आणि चित्रांत ही मागणी दुष्काळाची खूण बनून राहिली आहे. तिला पेयेचे शहाणपण म्हणणे क्रूरपणाचे होईल. भात मागण्याइतकाही हक्क उरला नाही, अशी ती जाणीव होती.

या दुष्काळात उपचाराचे दोन प्रयोग आकाराला आले. एक, पाचक द्रव्यांनी आधीच विघटित केलेली प्रथिने, म्हणजे प्रोटीन हायड्रोलायसेट, शिरेतून किंवा तोंडाने देणे. कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेतील संशोधकांनी १९४४ साली त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. दुसरा, दूधभुकटी, पीठ, साखर आणि मीठ यांचे पातळ मिश्रण. ते पुढे ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’ या नावाने ओळखले गेले.

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतील बेर्गन-बेल्झेन छावणीत शिरले, तेव्हा हे दोन्ही उपाय त्यांच्यामागोमाग तेथे पोहोचले. छावणीत सुमारे साठ हजार माणसे जिवंत होती आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. पहिल्या दिवसांत सैनिकांनी जवळ होते ते, म्हणजे लष्करी शिध्यातील डबाबंद मांसाचे जड अन्न, कैद्यांना वाटले. त्यामागे करुणा होती, यात शंका नाही. ते अन्न अनेकांना सोसले नाही. मुक्ततेनंतरच्या काळात तेथे तेरा-चौदा हजार लोक मरण पावले. टायफस, अतिसार आणि क्षय यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यामुळे यांपैकी किती मृत्यू पुनराहाराचे, हे वेगळे काढता येत नाही. तथापि पहिले अन्न घातक ठरू शकते, हे तेथील डॉक्टरांना स्पष्ट दिसले.

त्यानंतर बंगालचे मिश्रण आले. मे महिन्याच्या सुरुवातीला लंडनहून वैद्यकाचे सुमारे शंभर विद्यार्थी येऊन बराकींत ते वाटू लागले. पूर्व युरोपातील कैद्यांना ते फार गोड लागले, अनेकांनी ते नाकारले आणि त्यात बदल करावे लागले. हायड्रोलायसेटची गत अधिक वाईट झाली. त्याची चव असह्य होती. शिरेतून देण्यासाठी सुई दिसताच काही कैदी भीतीने ओरडू लागत, कारण नाझी छावण्यांत इंजेक्शनचा अर्थ मृत्यू असा होता. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेतर्फे तेथे गेलेल्या जॅनेट व्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अखेर तोंडाने दिलेले सायविरहित दूधच बरे, असा निष्कर्ष काढला. अशा दुधात फॉस्फेट आणि पोटॅशियम दोन्ही चांगल्या प्रमाणात असतात. त्याचे महत्त्व त्या वेळी या कारणाने ठरले नव्हते. पण आजच्या ज्ञानाने पाहता निवड अर्थपूर्ण दिसते.

तौलनिक अभ्यासकाने या प्रवासाकडे भाषांतराच्या दृष्टीने पाहावे. एका दुष्काळात सिद्ध झालेला ‘पाठ’ दुसऱ्या प्रदेशात नेला गेला. त्याचे घटक शब्दशः पोहोचले. पण चव आणि सुई यांचे संदर्भ बदलले होते. उपाशी माणूस काहीही खाईल, हे गृहीत येथे खोटे ठरले. भुकेलेल्यालाही रुची असते, स्मृती असते आणि नकार असतो. बेल्झेनच्या कैद्यांनी गोड मिश्रण बाजूला सारले, ही घटना अधाशीपणाच्या सिद्धान्ताला दिलेले एक उत्तरच आहे.

६. दोषाचे स्थलांतर

युद्धकाळात उपासमारीचा अभ्यास इतरत्रही झाला. वॉर्सा घेट्टोतील ज्यू डॉक्टरांनी इस्राएल मिलेय्कोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली १९४२ साली, स्वतः उपाशी असताना, आपल्या रुग्णांच्या शरीरांची मोजमापे केली. बाहेर पाठवून लपवलेले त्यांचे हस्तलिखित १९४६ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी युद्धात भाग घेण्यास नकार देणाऱ्या ३६ स्वयंसेवकांवर अर्ध-उपासमारीचा आणि पुनराहाराचा नियंत्रित प्रयोग केला. तो १९४४ च्या अखेरीस सुरू झाला आणि त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १९५० साली निघाला. १९५१ साली अमेरिकन डॉक्टरांनी कुपोषित जपानी युद्धकैद्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पुरेसे अन्न आणि जीवनसत्त्वे मिळूनही त्यांतील काही जण मरण पावले होते. येथे खाणाऱ्याला दोष देणे अवघड झाले. अन्न डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले गेले होते.

निर्णायक पुरावा मात्र दुष्काळातून आला नाही. तो सुसज्ज रुग्णालयातून आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण पोषण शिरेतून देण्याचे तंत्र प्रचारात आले. १९७० च्या दशकात असे पोषण घेणाऱ्या रुग्णांत मुंग्या, अशक्तपणा आणि झटके दिसू लागले. त्यांच्या रक्तातील फॉस्फेट अतिशय कमी झालेले होते. १९८१ साली वाइन्झायर आणि क्रुमडीक यांनी दीर्घकाळ कुपोषित असलेल्या दोन रुग्णांच्या मृत्यूची नोंद केली. दोघांनाही शिरेतून जोमाने पोषण दिले गेले होते आणि त्यानंतर हृदय व श्वसन कोलमडले होते.

या दोन रुग्णांचे महत्त्व वैद्यकाइतकेच कथनशास्त्राच्या दृष्टीनेही आहे. त्यांच्या शरीरात गेलेले पोषण घासाघासाने खाल्लेले नव्हते. ते नळीतून आले आणि त्याचे प्रमाण दुसऱ्याने ठरवले होते. अधाशीपणाला येथे शिरकावच नव्हता. मृत्यू मात्र त्याच प्रकारचा होता. जोसीफसपासून चालत आलेला नैतिक खटला या टप्प्यावर निकाली निघाला. ‘अति’ हा शब्द उरला, पण तो आता देणाऱ्याच्या उत्साहाला लागू झाला.

७. ‘थोडे’ या शब्दाचे दोन इतिहास

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. उपाशी माणसाला थोडेच द्यावे, हा सल्ला सत्ताधाऱ्यांनीही दिलेला आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख एवढीच मजुरी पुरे, असे ठरवले. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी त्याला विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरांनी या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. टेंपल पुढे त्याच इलाख्याचे गव्हर्नर झाले.

मग टेंपल यांचे ‘थोडे’ आणि डॉक्टरचे ‘थोडे’ यांत फरक कोणता? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली तीव्र कुपोषणाच्या उपचारांची जी पुस्तिका काढली, तीत दोन दुधाळ मिश्रणे आहेत. एफ-७५ मध्ये १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी असतात, एफ-१०० मध्ये १००. पहिले सुरुवातीच्या स्थिरीकरणासाठी, रात्रंदिवस थोड्याथोड्या वेळाने द्यायचे. या काळात वजन वाढवणे हे ध्येयच नसते, आणि पोटॅशियम व मॅग्नेशियम मात्र आवर्जून दिले जातात. मूल सावरले, भूक परतली की दुसरे सुरू होते. भारतात २०११ साली निघालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोषण पुनर्वसन केंद्रांतही हाच टप्प्यांचा विचार आहे. प्रौढांसाठी ब्रिटनच्या २००६ च्या मार्गदर्शिकेने अधिक धोका असलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज जास्तीत जास्त दहा किलोकॅलरींपासून, अगदी बिकट स्थितीत पाचांपासून, सुरुवात करून चार ते सात दिवसांत गरजेपर्यंत जावे असे सांगितले.

फरक यातून स्पष्ट होतो. उपचाराचे ‘थोडे’ रोज वाढते. त्याला मुदत असते. ते देणारा रात्री उठून नाडी पाहतो. सत्तेचे ‘थोडे’ तिथेच थांबते आणि त्याच्या मोबदल्यात श्रम मागते. पहिल्याचा आधार रुग्णाच्या शरीराची अवस्था हा असतो, दुसऱ्याचा आधार तिजोरीची. मात्रा सारखी दिसली तरी ही दोन वाक्ये एक नव्हेत. म्हणूनच पुनराहार-विकाराचे ज्ञान हे कधीही अन्न रोखण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

८. वाचनाविषयी

एली वीझेल यांच्या ‘ला न्वी’ (१९५८) या आत्मकथनाच्या अखेरीस, बुखेनवाल्ड मुक्त झाल्यावर तीन दिवसांनी निवेदक गंभीर आजारी पडतो आणि अन्नातून विषबाधा झाल्याचे सांगतो. हा पुनराहार-विकार होता असे निदान आपण पुस्तकावरून करू शकत नाही, करूही नये. पण एवढे दिसते की या निवेदकाने आजाराचे कारण स्वतःच्या हावेत शोधले नाही, अन्नात शोधले. शरीरविज्ञानाने पुढे दिलेल्या उत्तराच्या दिशेने ही वाक्यरचना झुकलेली आहे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो एक बोलतो, आणि शेजारून पाहणारा जोसीफस दुसरे, हा भेद अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.

दुष्काळ-साहित्याच्या वाचनाला यातून एक शिस्त मिळते. सुटकेनंतरच्या मृत्यूचे वर्णन आले की तीन प्रश्न विचारावेत: अन्न कोणी दिले, किती वेगाने दिले आणि निवेदक कोणत्या बाजूला उभा आहे. ‘हावरा’, ‘अधाशी’, ‘तुटून पडला’ हे शब्द आढळले की ते प्रसंगाचे वर्णन आहे की निवेदकाचा निवाडा, हे तपासावे. मराठी, बंगाली, तमिळ अशा भाषांतील दुष्काळकथनांचा या दृष्टीने एकत्र अभ्यास झाल्यास भुकेची शब्दकळा कोठे करुणेकडे आणि कोठे तिरस्काराकडे झुकते, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.

शतकानुशतके उपाशी माणसाच्या शेवटच्या जेवणाची हकिकत त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून सांगितली गेली. आता हे माहीत झाले आहे की त्याच्या रक्तात फॉस्फेट उरले नव्हते. त्याला जी गोष्ट कळणे शक्य नव्हते, ती अन्न देणाऱ्याने माहीत करून घ्यायची असते.